डोरा अकुन्यिली: औषधाच्या बाटलीपासून मंत्रिमंडळापर्यंत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फार्मसिस्ट आहे. डी.फार्म.च्या मुलांशी बोलायची वेळ आली की नायजेरियाच्या डोरा अकुन्यिली यांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ती सांगून झाली की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण ती दोन ओळींत उरकणं मला जमत नाही.

डोरा अकुन्यिली कोण होत्या?

नायजेरियातल्या फार्मसिस्ट आणि औषधशास्त्राच्या प्राध्यापक. एप्रिल २००१ ते डिसेंबर २००८ त्या देशाच्या अन्न व औषध नियंत्रण संस्थेच्या, म्हणजे नाफडॅकच्या महासंचालक होत्या. पुढे दोन वर्षं केंद्रात माहिती व दळणवळण मंत्री. २०११ मध्ये त्यांनी सिनेटची निवडणूक लढवली आणि हरल्या. ७ जून २०१४ रोजी बंगळुरूच्या एका कर्करोग रुग्णालयात त्यांचं निधन झालं.

बनावट औषधांचा बाजार उठवणारी बाई म्हणून नायजेरियात आजही त्यांचं नाव निघतं.

त्यांचं शिक्षण कुठे झालं?

जन्म १४ जुलै १९५४, मध्य नायजेरियातल्या मकुर्डी गावी. घराणं इग्बो, म्हणजे पूर्व नायजेरियातल्या एका मोठ्या समाजाचं, मूळ गाव पूर्वेकडच्या अनाम्ब्रा राज्यातलं नांका. बियाफ्राचं युद्ध, म्हणजे पूर्व भाग वेगळा होऊ पाहताना झालेलं नायजेरियातलं यादवी युद्ध, पेटलं तेव्हा त्या जेमतेम तेरा वर्षांच्या होत्या. इग्बो मुलुख त्या युद्धात भुकेने आणि बॉम्बने होरपळून निघाला. त्या पिढीतल्या मुलीने त्यानंतर शाळा पुरी करणं हीच मोठी गोष्ट होती. यांनी शिष्यवृत्त्या मिळवत १९७३ मध्ये न्सुकाच्या मुलींच्या शाळेतून शालेय शिक्षण संपवलं. न्सुकाच्याच नायजेरिया विद्यापीठातून १९७८ मध्ये फार्मसीची पदवी आणि १९८५ मध्ये पीएच.डी. घेतली. पीएच.डी.चा विषय लोकवैद्यकातल्या औषधांचा अभ्यास हा होता. झाडपाल्यात नेमका कोणता गुण आहे, तो प्रयोगशाळेत सिद्ध होतो का, हे तपासायचं शास्त्र.

मधल्या काळात त्यांनी एनुगूच्या विद्यापीठ रुग्णालयात फार्मसिस्ट म्हणून काम केलं. नंतर शिकवायला लागल्या, संशोधनासाठी लंडनला जाऊन आल्या, वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्राच्या सल्लागार झाल्या. थोडक्यात, खुर्ची मिळाली तेव्हा औषधाच्या काउंटरवर उभं राहिल्याचा अनुभव गाठीशी होता. हे मी मुद्दाम सांगतो. परत आलेली बाटली, फिकट पडलेलं लेबल, नातेवाइकांचा रडवेला चेहरा हे ज्याने जवळून पाहिलंय, त्याला बनावट औषध म्हणजे काय ते फाइल वाचून समजून घ्यावं लागत नाही.

ते १२ हजार पौंड परत केल्याची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, आणि त्यांचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका गोष्टीवर फिरलं.

नव्वदच्या दशकात त्या पेट्रोलियम ट्रस्ट फंड नावाच्या सरकारी निधीच्या आग्नेय विभागाच्या सचिव होत्या. पेट्रोलच्या वाढीव दरातून आलेला पैसा रस्ते, शाळा, दवाखाने यांवर खर्च करणारी ही संस्था. तिचे अध्यक्ष मुहम्मदू बुहारी, जे पुढे देशाचे अध्यक्ष झाले. १९९८ मध्ये डोराबाईंची तब्येत बिघडली आणि उपचारांसाठी त्यांना लंडनला पाठवायचं ठरलं. निधीने १७ हजार पौंड दिले: १२ हजार शस्त्रक्रियेसाठी, ५ हजार तपासण्या आणि बाकीच्या उपचारांसाठी. लंडनमध्ये तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की शस्त्रक्रियेची गरजच नाही. त्यांनी घरी येऊन १२ हजार पौंड निधीला परत केले.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. लष्करी राजवट नुकतीच ढासळत होती आणि सरकारी पैसा म्हणजे ज्याच्या हाती लागला त्याचा, असा खाक्या होता. हे पैसे कोणी मागितले नव्हते आणि मागणारही नव्हतं. बुहारींनी त्यांना कौतुकाचं पत्र लिहिलं. पुढे ही हकिकत अध्यक्ष ओलुसेगुन ओबासांजो यांच्या कानावर गेली. त्यांना नाफडॅकसाठी माणूस हवाच होता. या बाईची ना राजकीय ओळख होती, ना वशिला. ते १२ हजार पौंड हीच शिफारस ठरली.

बनावट औषधांविरुद्ध एवढी चीड कशामुळे?

१९८८ मध्ये त्यांची धाकटी बहीण व्हिव्हियन गेली. तिला मधुमेह होता. इन्सुलिन घेतलं, पण ते बनावट निघालं. मुलगी अवघी एकवीस वर्षांची.

नियमित इन्सुलिन घेणाऱ्या माणसाचा त्या छोट्या कुपीवर किती भरवसा असतो, हे आमच्या दुकानात मी रोज पाहतो. आजोबा कुपी उजेडाकडे धरून पाहतात, बर्फाची पिशवी सोबत आणतात, घरी पोचेपर्यंत जिवापाड जपतात. एवढं करून आत नुसतं पाणी असेल तर? व्हिव्हियनच्या घरी हेच घडलं, आणि तिची थोरली बहीण स्वतः फार्मसीची डॉक्टर होती. हे दुःख त्यांनी लपवलं नाही. जाहीर सभांतून, परदेशातल्या परिषदांतून त्या बहिणीचं नाव घेत राहिल्या.

नाफडॅक म्हणजे आपल्या एफडीएसारखंच का?

साधारण तसंच, पण आवाका जास्त. आपल्याकडे औषधांचं राज्याचं एफडीए पाहतं, केंद्राची वेगळी यंत्रणा आहे आणि खाद्यपदार्थांसाठी आणखी वेगळं प्राधिकरण. नायजेरियात औषध, अन्न, सौंदर्यप्रसाधनं, बाटलीतलं पाणी, वैद्यकीय उपकरणं, रसायनं या सगळ्याची नोंदणी आणि तपासणी एकट्या नाफडॅककडे आहे. १९९३ च्या वटहुकमाने तिला कायद्याचा आधार मिळाला. पण डोराबाई येईपर्यंत संस्था कागदावरच होती म्हटलं तरी चालेल. प्रयोगशाळा मोडकळीला आलेल्या आणि बंदरावरचे निरीक्षक व्यापाऱ्यांच्या खिशात.

परिस्थिती खरंच इतकी वाईट होती?

एकच अभ्यास सांगतो. २००१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटिश आणि नायजेरियन संशोधकांचा निबंध आला. त्यांनी लागोस आणि राजधानी अबुजाच्या ३५ औषध दुकानांतून २७ प्रकारच्या औषधांचे ५८१ नमुने घेतले. त्यातले २७९, म्हणजे ४८ टक्के, औषधकोशाच्या, म्हणजे औषधांचा दर्जा ठरवणाऱ्या अधिकृत ग्रंथाच्या, निकषात बसले नाहीत. कुठे औषधाचं प्रमाण कमी, कुठे जास्त, तर कुठे औषधच नाही. आणि हे नमुने परवानाधारक दुकानांतले होते, फुटपाथवरचे नव्हेत!

फुटपाथचा बाजार वेगळाच. ओनित्शा, आबा, कानो, लागोस इथल्या मोठ्या घाऊक बाजारांत औषधं कांदे-बटाट्यासारखी विकली जायची. पत्र्याच्या टपऱ्या, वर आफ्रिकेचं ऊन, आत लसी, प्रतिजैविकं आणि मलेरियाच्या गोळ्या यांचे ढीग. चांगली आणि बनावट एकाच खोक्यात. शेजारच्या पश्चिम आफ्रिकी देशांनी तर नायजेरियात बनलेली औषधं घ्यायचंच बंद केलं होतं.

मग त्यांनी नेमकं काय केलं?

आधी घर साफ केलं. लाच घेणाऱ्या अधिकाऱ्यांना बाहेरचा रस्ता दाखवला, प्रयोगशाळा नव्याने उभ्या केल्या, निरीक्षकांना प्रशिक्षण दिलं.

मग माल आत यायचे रस्ते आवळले. औषधांची आयात जमिनीच्या सरहद्दीवरून पूर्ण बंद केली. लागोसचं आपापा आणि कलाबार ही दोनच बंदरं, लागोस आणि कानो हे दोनच विमानतळ खुले ठेवले. आपण शंभर दारांवर पहारा ठेवू शकत नसू, तर चारच दारं ठेवू, असा साधा हिशेब. बँकांनाही यात ओढलं. नाफडॅकचा कागद असल्याशिवाय औषधाच्या आयातीचं बिल बँकेने पुढे सरकवायचं नाही. मला हा उपाय सगळ्यात हुशारीचा वाटतो. गोदामावर धाड घालून एक ट्रक सापडतो, पण पैशाचीच वाट अडवली तर माल मुळात निघतच नाही.

तिसरी गोष्ट लोकांशी बोलण्याची. रेडिओवर गाणी, वर्तमानपत्रांत खऱ्या आणि बनावट औषधांची शेजारी शेजारी छापलेली चित्रं, शाळांमध्ये विद्यार्थ्यांचे गट. प्रत्येक नोंदणीकृत वस्तूवर नाफडॅकचा नंबर बंधनकारक केला आणि लोकांना तो बघायची सवय लावली. नायजेरियात पिण्याचं पाणी प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीतून विकतात. त्याला 'प्युअर वॉटर' म्हणतात. दाताने कोपरा फोडायचा आणि प्यायचं. त्या पिशवीवरही नंबर. पावाच्या वेष्टनावरही नंबर. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीबाईसुद्धा पाव घेताना दुकानदाराला नंबर कुठे आहे म्हणून विचारू लागल्या.

आणि जप्त केलेला माल भर मैदानात, लोकांसमोर जाळायचा. तेवढ्या ज्वाळा पाहिल्यावर कुणाला वेगळं भाषण द्यावं लागत नसे.

२००७ च्या मार्चमध्ये ओनित्शाचा औषध बाजार पोलीस आणि सैन्य लावून बंद केला, तेव्हा आतून ट्रकच्या ट्रक भरून माल निघाला. ओनित्शा आणि आबा हे दोन्ही बाजार त्यांच्याच इग्बो मुलखातले. विकणारे अनेक जण त्यांच्याच भाषेत बोलणारे, त्यांच्याच राज्यातले. एका इग्बो बाईला या पदावर बसवलं तर ती आपल्याच माणसांना सांभाळून घेईल, असा आक्षेप नेमणुकीच्या वेळी घेतला गेला होता. घडलं उलटंच, आणि त्याची किंमत त्यांना गावकीतच मोजावी लागली.

त्यांच्यावर जीवघेणा हल्ला झाला होता ना?

हो. २६ डिसेंबर २००३. नाताळासाठी त्या अनाम्ब्रातल्या आगुलू या सासरच्या गावी निघाल्या होत्या. वाटेत गाड्यांच्या ताफ्यावर गोळीबार झाला. एक गोळी मागची काच फोडून आत आली आणि डोक्याला बांधलेल्या कापडातून आरपार गेली. टाळू भाजली, पण जीव वाचला. शेजारून जाणाऱ्या एका बसचा चालक मात्र मारला गेला.

इग्बो आणि योरुबा स्त्रिया समारंभाला डोक्याला ताठ, उंच कापड बांधतात. डोराबाईंच्या प्रत्येक छायाचित्रात ते दिसतं. गोळीने भोक पाडलेलं ते कापड त्यांनी जपून ठेवलं.

२००४ मध्ये नाफडॅकची लागोसमधली कचेरी आणि प्रयोगशाळा जळाल्या. त्या आगी आपोआप लागल्या असं त्यांना कधीच वाटलं नाही. घरच्यांनी पद सोडायचा आग्रह धरला होता. त्यांनी सोडलं नाही.

त्यांनी भारतीय कंपन्यांवर बंदी घातली होती का? मग त्या भारतविरोधी होत्या?

पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही.

नायजेरियाला लागणाऱ्या औषधांचा मोठा वाटा भारतातून जातो. त्यात मुंबई आणि गुजरातेतल्या कंपन्या आल्याच. त्या काळी पकडल्या जाणाऱ्या बनावट मालातही भारत आणि चीन ही दोन नावं पुन्हा पुन्हा येत. डोराबाईंनी काही भारतीय आणि चिनी कंपन्यांना काळ्या यादीत टाकलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे भारत, चीन आणि इजिप्तमध्ये नाफडॅकतर्फे विश्लेषक नेमले. नायजेरियाला जायचा माल जहाजावर चढण्याआधी इथेच तपासला जायचा आणि दाखला मिळाला तरच निघायचा.

आपल्याकडच्या काहींना तेव्हा हा अपमान वाटला. मला वाटत नाही. आपण गिऱ्हाईक असतो तर हेच केलं असतं. प्रामाणिक भारतीय कंपनीला या तपासणीने उलट फायदाच झाला, कारण तिच्या नावाने खपणारा खोटा माल कमी झाला.

याची दुसरी बाजू २००९ मध्ये दिसली. तोवर डोराबाई नाफडॅकमधून बाहेर पडल्या होत्या आणि पॉल ओर्ही महासंचालक होते. लागोसला मलेरियाच्या बनावट गोळ्यांचा मोठा साठा पकडला गेला. खोक्यांवर 'मेड इन इंडिया' छापलेलं होतं. तपासात निघालं की माल चीनमध्ये बनला होता. भारताने चीनकडे निषेध नोंदवला. म्हणजे आपलं नाव आता खोट्या मालावर छापण्याइतकं विश्वासाचं झालं होतं! अभिमान वाटावा की संताप यावा, असा तो प्रसंग.

आणि आपलं घर अगदी स्वच्छ आहे असंही नाही. २०२५ च्या सुरुवातीला उघड झालं की महाराष्ट्रातलीच एक कंपनी टॅपेंटाडॉल हे अफूवर्गातलं वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध यांचं मिश्रण करून पश्चिम आफ्रिकेत पाठवत होती. या मिश्रणाला कुठेही मान्यता नव्हती, आणि घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टमधली पोरं त्याच्या व्यसनाला लागली होती. केंद्राने त्याची निर्यात बंद केली. डोराबाई असत्या तर त्यांनी हे फार आधी पकडलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

वर्गात तुम्ही जे. जे. रुग्णालयाचं उदाहरण देता. त्याचा नायजेरियाशी काय संबंध?

रसायन एकच आहे: डायएथिलिन ग्लायकॉल. दिसायला ग्लिसरीनसारखं, चवीला गोडसर, आणि स्वस्त. वाहनांच्या कूलंटमध्ये, उद्योगांत वापरतात. ते पोटात गेलं की मूत्रपिंडं बंद पडतात. लहान मुलाची लघवी थांबते, आणि दोन-चार दिवसांत सगळं संपतं.

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचं ग्लिसरीन दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चिरफाड केली. महाराष्ट्रातल्या प्रत्येक फार्मसिस्टला तो अहवाल ठाऊक असायला हवा. चारच वर्षांनी, १९९० मध्ये, नायजेरियात पॅरासिटामॉलच्या सिरपमध्ये हेच रसायन गेलं आणि १०९ मुलं मेली. नाफडॅकसारखी संस्था हवी हा दबाव वाढायला ही घटना मोठं कारण ठरली.

आणि हे थांबलेलं नाही. २०२२ मध्ये गांबियात भारतातून गेलेल्या खोकल्याच्या औषधांनी मुलं दगावली. २०२५ मध्ये छिंदवाड्याची लेकरं नागपूरच्या दवाखान्यांत आणली गेली, तीही कफ सिरपमुळेच. औषधात घालायचा द्रव पिंपातून घेण्याआधी त्यात हे विष आहे का ते तपासायचं असतं. ती तपासणी अवघड नाही, महागही नाही. कुणीतरी ती केली नाही, एवढंच दरवेळी घडतं.

म्हणजे डोराबाईंच्या काळात नायजेरियात असं काहीच झालं नाही?

झालं, आणि ते सांगायलाच हवं. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये दात येणाऱ्या बाळांना द्यायच्या एका पॅरासिटामॉल सिरपमध्ये पुन्हा डायएथिलिन ग्लायकॉल निघालं. सिरपचं नाव 'माय पिकिन', तिथल्या पिजिन बोलीत 'माझं बाळ'. सरकारी आकड्यानुसार ८४ मुलं गेली. औषध देशातच, परवाना असलेल्या कारखान्यात बनलेलं होतं. त्या वेळी डोराबाई नाफडॅकमधून निघायच्या बेतात होत्या. संस्थेने कारखाना बंद केला, माल परत मागवला. पण बाहेरून येणाऱ्या बनावट मालावर जितकं लक्ष होतं, तितकं देशी कारखान्यांत येणाऱ्या कच्च्या मालावर नव्हतं, ही टीका मला रास्त वाटते.

दुसरी टीका अशी की त्यांनी मोहीम स्वतःच्या चेहऱ्याभोवती उभारली. जिथे तिथे त्यांचाच फोटो. यात तथ्य आहे. पण जिला मारायला माणसं टपलेली आहेत, तिला जनतेच्या ओळखीचाच आधार असतो, हेही विसरून चालणार नाही. पुरस्कारही याच ओळखीमुळे आले. २००३ मध्ये ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या भ्रष्टाचारविरोधी जागतिक संघटनेने त्यांना सचोटीसाठीचा पुरस्कार दिला.

त्या राजदूत होत्या का? कुठे कुठे 'मुत्सद्दी' असं लिहिलेलं असतं.

कोणत्याही देशात राजदूत म्हणून त्यांची नेमणूक झाली नव्हती. तरी तो शब्द वापरणाऱ्यांचं मी समजू शकतो. दुसऱ्या देशाच्या सरकारला 'तुमच्या बंदरातून निघणाऱ्या मालाची तपासणी आमचा माणूस करणार' असं सांगायचं आणि संबंध न बिघडवता ते मान्य करून घ्यायचं, याला परराष्ट्र खात्याचंच कसब लागतं. शेजारच्या पश्चिम आफ्रिकी देशांनी नायजेरियन औषधांवरची बंदी उठवली, तीही अशाच बोलण्यांतून.

मंत्री म्हणून काम कसं होतं?

माझ्या मते फिकं. डिसेंबर २००८ मध्ये अध्यक्ष उमारू यार'अदुआ यांनी त्यांना माहिती खातं दिलं. मार्च २००९ मध्ये त्यांनी 'चांगली माणसं, महान राष्ट्र' अशा अर्थाच्या घोषवाक्याखाली नायजेरियाची प्रतिमा उजळण्याची मोहीम काढली. नायजेरियन लोकांना गुन्हेगार दाखवणाऱ्या एका परदेशी सिनेमाविरुद्धही त्या उभ्या राहिल्या. तळमळ खरी होती. पण तासन्‌तास वीज नसलेल्या घरात बसून लोक ते घोषवाक्य ऐकत होते. औषधाच्या बाटलीत खरं औषध घालून त्यांनी विश्वास मिळवला होता. इथे नुसतं लेबल बदलायचं काम वाट्याला आलं.

एक प्रसंग मात्र असा घडला की बाकीचं सगळं मागे पडलं.

फेब्रुवारी २०१० मध्ये मंत्रिमंडळात काय घडलं?

यार'अदुआ २३ नोव्हेंबर २००९ रोजी उपचारांसाठी सौदी अरेबियाला गेले. घटनेनुसार अध्यक्षाने संसदेला लेखी कळवलं की कारभार उपाध्यक्षाकडे जातो. ते पत्र त्यांनी पाठवलंच नाही. आठवडे गेले, महिने गेले. अध्यक्ष कसे आहेत, शुद्धीवर आहेत का, कुणाला काही कळेना. उपाध्यक्ष गुडलक जोनाथन खुर्चीच्या शेजारी उभे, पण अधिकार नाहीत. आसपासची मंडळी सगळं आलबेल असल्याचं सांगत होती. अध्यक्ष कुठूनही राज्य करू शकतात, असं कायदामंत्र्यांनी सांगून टाकलं.

सरकारची बाजू जगापुढे मांडणं हे डोराबाईंचं खात्यातलं काम. ३ फेब्रुवारीच्या बैठकीत त्याच बाईने टिपण ठेवलं: उपाध्यक्षांना हंगामी अध्यक्ष म्हणून काम करू द्या. मंत्रिमंडळात हे लेखी मांडणाऱ्या त्या एकट्याच. सहकारी त्यांच्यावर तुटून पडले, आणि ज्या अध्यक्षाने मंत्री केलं त्याचाच विश्वासघात केल्याचा आरोप झाला.

सहा दिवसांनी, ९ फेब्रुवारीला, संसदेने जोनाथन यांना हंगामी अध्यक्ष केलं. अध्यक्षांनी बीबीसीला दिलेली छोटी मुलाखतच पत्रासमान धरायची, अशी वाट सिनेटने काढली. दुसऱ्या दिवशी कायदामंत्र्यांचं खातं गेलं. यार'अदुआ ५ मे २०१० रोजी वारले. नंतर घटनेत दुरुस्तीही झाली, म्हणजे पत्र न पाठवता देश टांगून ठेवण्याची पळवाट बुजली.

हे टिपण मला त्या १२ हजार पौंडांच्या परताव्याइतकंच मोलाचं वाटतं. दोन्ही वेळा गप्प राहणं सोयीचं होतं, आणि गप्प राहिल्याबद्दल कुणी जाब विचारला नसता.

मग निवडणुकीत त्या हरल्या कशा?

डिसेंबर २०१० मध्ये राजीनामा देऊन त्यांनी 'अपगा' या अनाम्ब्रात जोर असलेल्या पक्षातर्फे मध्य अनाम्ब्राची सिनेटची जागा लढवली. समोर माजी राज्यपाल क्रिस न्गिगे. पहिला निकाल अनिर्णीत ठरला, काही ठिकाणी फेरमतदान झालं आणि अगदी थोड्या मतांनी न्गिगे निवडून आले. डोराबाई न्यायाधिकरणात गेल्या, तिथेही निकाल विरोधातच गेला. देशभर नाव असणं वेगळं, वॉर्डावॉर्डात माणसं असणं वेगळं. आपल्याकडच्या निवडणुका पाहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

त्यांचं निधन भारतात कसं झालं?

त्यांना कर्करोग झाला होता. मार्च २०१४ मध्ये अबुजाला राष्ट्रीय परिषद भरली. त्या अनाम्ब्राच्या प्रतिनिधी होत्या. परिषदेतले त्यांचे फोटो पाहून लोक हबकले, इतक्या त्या खंगल्या होत्या. तशाही अवस्थेत उभ्या राहून बोलल्या. त्यानंतर उपचारांसाठी बंगळुरूला आल्या आणि तिथेच ७ जूनला गेल्या. साठी पुरी व्हायला पाच आठवडे उरले होते. ऑगस्टमध्ये आगुलूला अंत्यसंस्कार झाले.

ज्या देशाच्या औषधांना त्यांनी इतकं कसून तपासलं, त्याच देशाच्या डॉक्टरांवर आणि औषधांवर शेवटी त्यांनी भरवसा ठेवला. मी फार्मसीच्या मुलांना हे सांगतो तेव्हा वर्ग शांत होतो.

घरच्यांबद्दल काही?

पती डॉ. चिके अकुन्यिली, सहा मुलं. मुलगी न्जिडेका अकुन्यिली क्रॉस्बी अमेरिकेत राहते आणि आज जगातल्या नामवंत चित्रकारांत गणली जाते. २०१७ मध्ये तिला अमेरिकेतली प्रतिष्ठेची मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली. तिच्या एका चित्रात आईचा चेहरा छापलेलं कापड दिसतं. पश्चिम आफ्रिकेत लग्नाला, बारशाला, निवडणुकीला असं माणसाचं चित्र छापलेलं कापड काढायची रीत आहे.

डॉ. चिके यांचा शेवट मात्र फार वाईट झाला. २८ सप्टेंबर २०२१ रोजी पत्नीच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमाहून परतताना ओनित्शाजवळ बंदूकधाऱ्यांनी त्यांना ठार मारलं.

आज नाफडॅक कसं चाललंय?

२०१७ पासून मोजिसोला अडेयेये या फार्मसिस्ट बाईच तिच्या प्रमुख आहेत. २०२५ च्या सुरुवातीला ओनित्शा, आबा आणि लागोसचे तेच बाजार पुन्हा बंद करून झाडाझडती घ्यावी लागली. तण एकदा उपटलं म्हणून शेत कायमचं साफ राहत नाही. २०१० पासून तिथे औषधाच्या खोक्यावरचा पट्टा खरवडून आतला आकडा फोनवरून पाठवायची सोय आली. आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० जास्त खपाच्या ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. मी गिऱ्हाइकाला तो फोनने वाचून दाखवतो. दहातले नऊ जण पहिल्यांदाच पाहत असतात.

मी नोकरीसाठी लागोसला चाललो आहे. औषधं तिथे घ्यावीत का?

परवाना भिंतीवर लावलेल्या फार्मसीतूनच घ्या, रस्त्यावरून किंवा घाऊक बाजारातून नको. खोक्यावर नाफडॅकचा नंबर बघा, खरवडायचा पट्टा असेल तर आकडा पाठवून खात्री करा, आणि खोक्यावरचा बॅच नंबर आतल्या स्ट्रिपवरच्या नंबराशी जुळतो का ते पाहा. जुळत नसेल तर तिथेच परत करा. नेहमीची गोळी असेल तर इथून तीन महिन्यांची न्या. डॉक्टरांची चिठ्ठी आणि आमचं बिल दोन्ही सोबत ठेवा, आणि स्ट्रिप कापताना बॅच नंबर आणि एक्सपायरीचा भाग शेवटपर्यंत राखून ठेवा.